फोनमध्ये जीपीएस आहे, मग खांदेरीचा दिवा कशाला?

ही या भागाची लेखी आवृत्ती. रेल्वेत रेंज जात असेल किंवा इअरफोन घरी राहिला असेल त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधले "अं" आणि "म्हणजे कसंय" तेवढे काढलेत.

विषय समुद्रातला आणि बोलणारा परभणीचा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण कितीही छाती काढून म्हणत असलो तरी समुद्राच्या बाबतीत आपली पाटी कोरीच. आपल्याकडे मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण, नाहीतर गंगाखेडला पावसाळ्यात भरून वाहणारी गोदावरी. दोन्हीकडे पलीकडचा काठ दिसतो. काठ दिसतोय तोवर रस्ता चुकत नाही. समुद्रात काठ दिसत नाही आणि रात्री तर आपली होडी कुठंय हेसुद्धा कळत नाही. दीपगृह नावाची वस्तू माणसाला का सुचली, ते इथूनच सुरू होतं.

अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर जाऊन आलो, म्हणून हा भाग. गावी सांगितलं तर चुलतभावाचा पहिला प्रश्न आला, "आता मोबाइलवर सगळं दिसतंय की, मग ते दिवे कशाला चालू ठेवलेत? वीज फुकट जातीय का?" प्रश्न चांगला आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि असला प्रश्न आमच्याकडे रोज कुणीतरी विचारतं: नवीन सिस्टीम आलीय, तर जुनी बंद का करत नाही? उत्तर मात्र दरवेळी सोपं नसतं.

आधी जागा समजून घेऊ. खांदेरी हे मुंबईच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळ गावासमोरचं छोटं बेट. परभणीहून देवगिरी किंवा नंदिग्रामने रात्रभर प्रवास करून मुंबई, तिथून लाँचने मांडवा, मांडव्याहून थळ आणि थळहून कोळी बांधवांची होडी. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं, बसकं ते उंदेरी. त्याच्या मागचं, दोन टेकड्यांचं आणि वर मनोरा असलेलं ते खांदेरी. थळलाच खताचा मोठा कारखाना आहे, राष्ट्रीय केमिकल्सचा. आपल्या कापसाला पडणारा उज्ज्वला युरिया ज्या कंपनीचा, तीच ही. होडीतून मागं वळून पाहिलं की त्याची धुराडी दिसतात. मला उगाच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

होडी अर्धा-पाऊण तासात पोचवते आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात, धक्क्याला लागते. तिथून चढायला लागलं की तटबंदी, बुरूज, तोफा आणि वर दीपगृह. किल्ला आणि दीपगृह एकाच जागी आहेत हा काही योगायोग नाही. सगळी गोष्ट त्यातच आहे.

मुंबईच्या बंदरात दक्षिणेकडून जायचं तर खांदेरीच्या समोरून जावं लागतं. म्हणजे बेट ज्याच्या ताब्यात, त्याला मुंबईत कोण आलं, कोण गेलं हे बसल्या जागी दिसणार. आजच्या भाषेत, एन्ट्री गेटवर सीसीटीव्ही. शिवाजी महाराजांनी हे ओळखलं आणि १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी यांना दीडशे माणसं आणि चार लहान तोफा देऊन बेटावर पाठवलं. पावसाळा संपत आलेला, समुद्र अजून खवळलेला, आणि ही माणसं तिथे दगड रचतायत. मुंबईतल्या इंग्रजांना हे कळल्यावर त्यांची झोपच उडाली. त्यांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं मराठी आरमार त्यांच्यावर चालून गेलं. त्या लढाईत इंग्रजांचं "डव्ह" हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं.

पण मला त्या वेढ्यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट लढाईची नाही, रसद पोचवण्याची आहे. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा मोठ्या. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांच्या. वारा पडला की मोठं जहाज जागेवर अडकतं, वल्ह्याची होडी चालूच राहते. रात्र झाली की या होड्या काळोखात वेढ्यातून निसटून बेटावर माणसं आणि सामान पोचवायच्या. हे रोखणं इंग्रजांना जमलं नाही आणि १६८० च्या जानेवारीत त्यांनी तडजोड करून माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारचं उंदेरी बळकावलं, आणि पुढे कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. एवढी जवळ आहेत की आज बघून हसू येतं.

नंतर हे बेट कान्होजी आंग्र्यांकडे आलं. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू म्हटलंय. ज्याच्याकडून परवाना न घेता आपली जहाजं जाऊ शकत नाहीत त्याला लुटारू म्हणायचं, ही जुनी पद्धत आहे. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं, आणि दीपगृहही आता त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ज्या बेटावर चढता येईना, तिथे इंग्रजांनी पुढे दिवा लावला, आणि आज त्या दिव्यावर नाव कान्होजींचं. मला हे फार आवडलं.

दिवा लागला तो १८६७ मध्ये. तोपर्यंत सगळा किनाराच इंग्रजांकडे गेला होता, म्हणजे पहारा ठेवायची गरज संपली होती. मग गरज कसली उरली? जहाजांच्या गर्दीची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस मुंबईतून जायचा. त्या पैशाने मुंबई फुगली, १८६५ मध्ये फुगा फुटलासुद्धा, पण बंदर मोठं झालं ते झालंच. त्यात १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि युरोपची वाट निम्म्यावर आली म्हणा. ही सगळी जहाजं रात्री-अपरात्री मुंबईच्या तोंडाशी येणार, आणि तिथे खडक आहेत. कुलाब्याच्या टोकाशी पाण्याखाली प्रोंग्ज नावाचा खडकाळ पट्टा आहे, त्याच्यावरचं दीपगृह १८७५ चं. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला आधी खांदेरी दिसणार, मग प्रोंग्ज, मग बंदर. हायवेवर पाट्या असतात तसं.

आता इंजिनिअरिंगचा भाग. कंटाळू नका, गणित आठवीचं आहे.

पृथ्वी गोल असल्यामुळे तुम्हाला किती लांबचं दिसणार हे तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर ठरतं. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साधारण ३.६ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून दोन मीटरवर धरा. वर्गमूळ १.४, गुणिले ३.६, म्हणजे पाच किलोमीटर. बास. एवढ्या मोठ्या समुद्रात तुमचं जग पाच किलोमीटरचं. आता टेकडी आणि मनोरा मिळून दिवा समजा ५० मीटर उंचीवर आहे. वर्गमूळ ७, त्याचे झाले पंचवीस किलोमीटर. दोन्ही अंतरांची बेरीज होते, कारण दिव्याचं क्षितिज आणि तुमचं क्षितिज मध्ये कुठंतरी भेटतात. म्हणजे दोन मीटरवरच्या डोळ्याला तो दिवा तीस किलोमीटरवरून दिसू शकतो. मनोरे उंच बांधतात आणि टेकडीवर बांधतात ते यासाठी. खांदेरीचा मनोरा पंचवीस मीटरचा, अष्टकोनी. टेकडीची उंची फुकटात मिळाली. मराठ्यांना पहाऱ्यासाठी जे वर्गमूळ कामी आलं, तेच इंग्रजांना दिव्यासाठी. समीकरण एकच, फक्त एकदा डोळा वर होता आणि एकदा दिवा.

पण उंची असून भागत नाही. १८६७ मध्ये दिवा म्हणजे तेलाची ज्योत. ज्योतीचा उजेड सगळीकडे पसरतो: वर आभाळात, खाली खडकावर, मागे टेकडीवर. जहाजाकडे जाणार किती? अगदी थोडा. सगळा उजेड गोळा करून आडवा, क्षितिजाकडे पाठवायचा तर भिंग हवं, आणि एवढं मोठं भिंग भरीव काचेचं केलं तर त्याचं वजन उचलणार कोण? इथे फ्रान्सचा ओग्युस्तां फ्रेनेल कामाला आला. त्याच्या लक्षात आलं की उजेड वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागावर, आतली जाड काच नुसतीच बसलेली असते. मग आतली काच काढून टाका, पृष्ठभागाचे तुकडे पायऱ्या-पायऱ्यांनी एका सपाट पट्टीत बसवा. काम तेच, काच पातळ. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा बसवलं आणि पुढं जगभरच्या दीपगृहांत ते गेलं.

ऐकणाऱ्यांना मी इथे एक काम दिलं होतं, वाचणाऱ्यांनाही देतो. फोन उलटा करा आणि फ्लॅशच्या काचेकडे जवळून बघा. बऱ्याच फोनमध्ये तिच्यावर बारीक गोल-गोल रेषा दिसतील, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. हेच फ्रेनेलचं भिंग. दोनशे वर्षांपूर्वी जहाजांसाठी केलेली युक्ती, आज तुम्ही लग्नात फोटो काढायला वापरताय.

आता प्रश्न, समुद्रात दिवा दिसला, पण तो कुठला? खांदेरीचा की प्रोंग्जचा, हे कसं कळणार? रात्री दोन्ही पांढरे ठिपकेच. यासाठी प्रत्येक दीपगृहाला स्वतःची लय असते. कुठं ठरावीक सेकंदांनी एक चमक, कुठं दोन चमका आणि मग मोठा काळोख, कुठं तीन. जवळपासच्या दोन दिव्यांची लय सारखी ठेवत नाहीत. खलाशी घड्याळ लावून मोजतो आणि नकाशावर किंवा दिव्यांच्या यादीत बघतो. आमच्या भाषेत हा युनिक आयडी, आणि तोही पासवर्ड न लागणारा. गंमत म्हणजे जुन्या पद्धतीच्या दीपगृहात दिवा उघडझाप करतच नाही. तो सतत जळत असतो, भिंग त्याच्याभोवती फिरतं आणि उजेडाचा झोत तुमच्या डोळ्यांवरून जातो तेवढाच क्षण तुम्हाला चमक दिसते. जड भिंग हलकेच फिरावं म्हणून ते कुठं कुठं पाऱ्यावर तरंगतं ठेवायचे आणि घड्याळासारख्या वजनांच्या यंत्राने फिरवायचे. रात्रभर ती वजनं पुन्हा पुन्हा वर ओढायला माणूस लागायचा. नाइट शिफ्टवाल्यांनी आपापली तक्रार जरा बाजूला ठेवावी.

आणि दोन दिवे ओळखता आले की खरी जादू होते. होकायंत्रावर खांदेरीची दिशा घ्या, प्रोंग्जची दिशा घ्या, नकाशावर त्या दोन दिव्यांतून दोन रेघा मारा. त्या जिथे एकमेकींना कापतात तिथे तुम्ही आहात. झालं. तुमच्या फोनमधलं जीपीएस वेगळं काही करत नाही. ते दिशेऐवजी अंतर मोजतं आणि दिव्यांऐवजी उपग्रह वापरतं.

म्हणजे चुलतभावाचा प्रश्न परत आलाच. उपग्रह असताना दिवे कशाला?

एक गोष्ट आधी साफ करतो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ असतो: जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा डाउनलोड करायला. नकाशा आधी उतरवून ठेवला तर भर समुद्रातही फोन तुमची जागा दाखवेल. मग अडचण कुठंय? अडचण ही की जीपीएसचा उपग्रह वीस हजार किलोमीटरवर आहे आणि त्याचा सिग्नल आपल्यापर्यंत येईतो अगदी क्षीण झालेला असतो. जवळून कुणी जोरात गोंगाट केला तर तो ऐकूच येत नाही. याहून वाईट म्हणजे कुणी त्याची नक्कल केली तर यंत्र त्या नकलेवर विश्वास ठेवतं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या बाबतीत हे घडलं. जहाजं पाण्यात होती आणि त्यांची यंत्रं सांगत होती की तुम्ही जमिनीवरच्या विमानतळावर आहात. विमानतळ आहे म्हणून खलाशांना निदान कळलं. हीच चूक पाचशे मीटरची असती तर? स्क्रीनवर सगळं ठीकच दिसलं असतं, आणि मुंबईच्या तोंडाशी पाचशे मीटर म्हणजे खोल पाणी आणि खडक यांच्यातला फरक होऊ शकतो.

सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर जिवंत आहे का हे त्याच सर्व्हरला विचारून चालत नाही. बाहेरून, वेगळ्या वाटेने तपासावं लागतं. दीपगृह ही समुद्रातली ती वेगळी वाट. त्याला उपग्रह लागत नाही, तुमच्या फोनची बॅटरी लागत नाही, अपडेट लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे. स्क्रीन म्हणतेय खांदेरी डावीकडे आहे आणि डोळ्यांना दिवा उजवीकडे दिसतोय, तर स्क्रीनचं ऐकायचं नाही.

याचा अर्थ दिवा असला की अपघात होत नाहीत, असा नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन जहाजं दिवसाउजेडी एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले आणि तेल सांडलं. दीपगृह फक्त "मी इथे आहे" एवढंच सांगतं. बाकीचं माणसांनी बघायचं असतं.

आम्हाला नेणाऱ्या तांडेलकाकांना मी हेच विचारलं. त्यांच्या होडीवर जीपीएसचं यंत्र होतं, खिशात स्मार्टफोनही होता. "काका, मग बत्ती बघता का अजून?" ते म्हणाले, "मशीन बघतो जाळं कुठे टाकलं ते शोधायला. घरी येताना बत्तीच बघतो." मोठ्या जहाजावर एक बिघडलं तर दुसरं यंत्र असतं. लहान होडीवर एकच असतं, तेही खाऱ्या पाण्यात भिजत. त्यामुळे आज या दिव्याची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल, तर ती कंटेनर नेणाऱ्या जहाजाला नाही, चार-पाच माणसांच्या मासेमारी होडीला आहे. "वीज फुकट जातीय का" याचं उत्तर देताना यांचा हिशेब कुणीतरी धरायला हवा.

सरकारनेही दिवे बंद केलेले नाहीत. देशभरच्या दीपगृहांचं काम बघणाऱ्या खात्याचं नाव लांबलचक आहे, दीपस्तंभ आणि दीपपोत महासंचालनालय. ब्रिटिशांचा १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात दिव्यांबरोबर रेडिओ आणि उपग्रहावरच्या साधनांचाही विचार आहे. जुनी आणि नवी सिस्टीम शेजारी-शेजारी चालवायची, असं ते धोरण आहे. मला ते पटतं.

आता बेटावर काय बघाल ते सांगतो. दक्षिणेच्या टेकडीवर दीपगृह. तटावर काही तोफा अजून चाकांच्या लोखंडी गाड्यांवर आहेत, आणि अशा गाड्यांसकट तोफा आपल्याकडे फार ठिकाणी शिल्लक नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर बसून फोटो काढू नका. एक मोठा दगड आहे, त्याच्यावर छोट्या दगडाने ठोकलं की धातूसारखा टण्ण आवाज येतो. तिथे सगळे थांबतात, मीही थांबलो, दहा मिनिटं. खाली वेताळाचं देऊळ आहे. कोळी बांधवांचं ते श्रद्धास्थान, आमच्या होडीवाल्यांनी आधी तिकडे डोकं टेकवलं आणि मग चहा काढला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात खांदेरी आहे. रायगड, राजगड, सिंधुदुर्ग यांच्या रांगेत हे एवढंसं बेट. आनंदाची गोष्ट आहे, पण मला थोडी धास्तीही वाटते. रायगडावर हजार माणसं जास्त आली तर सामावतील. इथे धक्का एक, वाट एक, आणि वरचं दीपगृह शोभेचं नाही, चालू यंत्रणा आहे. उद्या कुणी त्याच्यावर रंगीत रोषणाई करायची टूम काढली तर समुद्रातून खरा दिवा ओळखणं अवघड होईल. विनोद नाही हा. दिव्याभोवती दुसरे दिवे असणं ही किनाऱ्यावरची जुनी डोकेदुखी आहे. शहरांचा झगमगाट वाढला तसे कित्येक ठिकाणी दिवे त्या गर्दीत शोधावे लागतात.

जायचं असेल तर पावसाळ्यात नाही. हिवाळ्यात जा. थळला आधी चौकशी करा, बेटावर उतरायला आणि दीपगृहात चढायला त्या वेळी काय परवानगी लागते ते विचारा. होडीत लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. आपण येलदरीत पोहायला शिकलेली माणसं, समुद्राचं पाणी वेगळं ओढतं. पाणी आणि खाणं सोबत न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा.

आणि बेटावर जायला जमलं नाही तरी एक गोष्ट जमेल. संध्याकाळी थळच्या वाळूवर बसा. अंधार पडला की समोर चमक दिसेल. फोनवर स्टॉपवॉच लावा, चमका मोजा, मधला काळोख मोजा. मग दुसऱ्या कुठल्या दीपगृहाची लय मोजून बघा आणि दोन्ही आकडे मला कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवतो.